कोर्टाच्या फाटकावरचा पंप

त्या बाईच्या तोंडावर औषध मी मारलं. हुकूम दुसऱ्याचा होता, पण पंप माझ्या पाठीवर होता आणि नळी माझ्या हातात.

कोरोनाचे दिवस. तालुक्याच्या कोर्टात मी शिपाई. फाटकावर ताप मोजायचा, मास्क बघायचा, हातावर सॅनिटायझर द्यायचं. नियम एवढाच. धानावर फवारायच्या पंपात जंतुनाशक भरलेलं असायचं, ते पायऱ्या-फरशीसाठी.

बाई दवनीवाड्याची. एसटी बंद, म्हणून चालत आलेली. नवऱ्यानं हात मोडला होता, संरक्षणासाठी तिचा अर्ज होता. अर्ज फेटाळला तर पुन्हा नवऱ्याच्याच घरात. तोंडाला पदर घट्ट बांधलेला. मागे नवऱ्याचे वकील उभे, मोठ्या घरचे, तोंडाला मास्क नाही. म्हणाले, "इसको पूरा धो. गंदगी अंदर नहीं आनी चाहिए."

मी धुतलं. डोळ्यांत गेलं. ती खाली बसली.

"भाऊ, मी का धानावरची कीड आहो?"

मी नळीनंच तिला बाजूला ढकललं. रांगेत कुणीतरी हसलं.

मग तापाचं यंत्र वकिलांच्या कपाळासमोर धरलं. त्यांनी कानाखाली मारली. ओठ फुटला, मास्क आतून ओला झाला. "तेरी जात का हाथ मेरे माथे तक?" मी मान खाली घातली. बाप जन्मभर घालायचा तशीच.

पुकारा देणंही माझंच काम. गर्दी नको म्हणून लोकांना बाहेर थांबवत, त्यामुळे फाटकापर्यंत जाऊन नाव घ्यायचं. त्या दिवशी मी आतल्या दारातूनच तिचं नाव तीनदा घेतलं. वकील बघत होते. ती हातपंपावर डोळे धुऊन राहिली होती, मला ठाऊक होतं. न्यायाधीशांना सांगितलं, हजर नाही. अर्ज खारीज.

ती चाचपडत आली. डोळे सुजून बंद.

"माझी तारीख झाली का, भाऊ?"

तेवढ्यात वकील आले, माझा सुजलेला गाल थोपटून म्हणाले, "अच्छा किया." मी त्यांचं मनगट धरून पिरगाळलं. ते वाकले. "आता हात लावला तर तोडून टाकीन." साहेब म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं प्रतिज्ञापत्रावर उतरवलं. टायपिंगवाला म्हणाला, "कायले मरतोस? नोकरी जाईल." मी सही केली आणि दवनीवाडा गाठला.

ती दारातच उभी राहिली. बस म्हणाली नाही. "काऊन आला?"

"बाई, तू हजर होतीस. तुझे डोळे मी जाळले, अन् खोटंही मीच बोललो. माफी मागून राहिलो. तू माफ नको करू. कागद केला आहे. कोर्टात उभा राहून त्या वकिलाचं नाव घेईन, अन् त्याच्या आधी माझं."