बर्फाच्या कारखान्यातलं ऑर्किड

मे महिन्यातली भर दुपार. पिंप्राळ्यात एका अनोळखी अक्कांनी हात करून माझी स्कूटर थांबवली. त्यांच्या कडेवर ओल्या टॉवेलात गुंडाळलेली कुंडी होती.

"भाऊ, गल्लीनी लाइट गयी. कूलर बंद शे. माले बर्फना कारखानामा सोड."

कुंडीत दार्जिलिंगकडच्या धुक्याच्या जंगलातलं ऑर्किड होतं. तिकडच्याच मुलाशी लग्न केलेल्या लेकीने ते दिलं होतं, असं अक्कांनी वाटेत सांगितलं.

कारखान्याच्या दारात, लाद्यांच्या गारव्यात, त्या कुंडी मांडीवर घेऊन बसल्या. ताप बघावा तसा पानांना उलटा हात लावत होत्या. हमाल हसायला लागले. मीही म्हणालो, "अक्का, जळगावच्या उन्हात कशाला हा खटाटोप?"

"मनी पोर त्यासना डोंगरमा नांदी ऱ्हायनी. मंग त्यासनी पोर मना घर नको का नांदाले?"

हमाल हसायचे थांबले. एकाने बर्फाची लादी त्यांच्याजवळ सरकवली.

उन्हं उतरल्यावर मी त्यांना घरी सोडायला निघालो. पहिल्याच खड्ड्याला पाठीत गुद्दा बसला.

"हळू चाल ना, भाऊ! कळी शे तिले!"

थांबून पाहिलं, तर पानाआड ज्वारीच्या दाण्याएवढी हिरवी कळी होती. उरलेला सगळा रस्ता मी पहिल्या गिअरमध्ये काढला.