वत्सलाताई शांत नव्हत्या

स्नेहाचा फोन आला तेव्हा मी जेवणानंतरचा ओटा आवरत होते. "काकू, आई गेल्या," एवढंच ती म्हणाली. स्नेहा म्हणजे वत्सलाताईंची सून. आजार जुना होता, फुप्फुसं थकली होती, धक्का बसावा असं काही नव्हतं... तरी मी पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहिले. पुढे शोकसभा झाली. त्यांचे धाकटे दीर बोलले, गावातली दोन-तीन वजनदार माणसं बोलली. वत्सलावहिनी शांत होत्या, सोशिक होत्या, कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत, असं एकामागून एक सगळ्यांनी सांगितलं. शेजारी बसलेल्या माझ्या मैत्रिणीने, नसीमने, माझ्याकडे पाहिलं. तिथे आम्ही दोघी गप्प राहिलो, म्हणून आता लिहिते आहे. वत्सलाताई शांत नव्हत्या. सोशिक तर मुळीच नव्हत्या.

मी पनवेलला शिक्षिका म्हणून आले, ओळखीचं कुणी नव्हतं, आणि एका रविवारी एकटीच टॉकीजला गेले. पुढच्या रांगेत एक बाई खुर्चीवर मांडी घालून बसली होती आणि हसत होती. असं हसणं मी आधी ऐकलं नव्हतं. आधी खांदे हलायचे, मग आवाज यायचा, आणि आला की पडद्यावरचं पुढचं वाक्य कुणाला ऐकूच यायचं नाही. मागून एका गृहस्थांनी हळू हसा म्हणून सांगितलं. त्या वळल्या. "हसायचाच शिनेमा हाय ना? मंग आमी काय तोंडाला कुलूप लावून बसू?" मध्यंतरात त्यांनी माझ्यापुढे शेंगांची पुडी धरली आणि, तुम्ही एकदाही हसला नाहीत, दात दुखतोय का, अशी चौकशी केली. मी गाण्यांसाठी आले आहे म्हटलं. गाण्यांसाठी रेडिओ आहे की, त्या म्हणाल्या. ती वादावादी टॉकीजच्या बाहेर चहाच्या टपरीपर्यंत चालली आणि पुढे आयुष्यभर पुरली.

वत्सलाताई पनवेलजवळच्या नेरे गावाकडच्या, शेतकरी घरातल्या. जमिनी गेल्या, इमारती आल्या, त्यांचंही घर पाचव्या मजल्यावर गेलं. तिथे दर गुरुवारी दुपारी आम्ही जमायचो. मी, वत्सलाताई आणि माझ्या शाळेतली नसीम. नसीम संगीताची. कुठल्या गाण्यात सारंगी कुठे शिरते, ते ती डोळे मिटून सांगायची. मला उदास नायक आवडायचे. वत्सलाताईंना नायकच आवडायचे नाहीत. जो धोतरात पाय अडकून पडतो, ज्याच्या अंगावर पिठाचा डबा उलटतो, तो त्यांच्या लेखी खरा नट. मी एकदा फार हट्टाला पेटले, मोठा नट तोच जो रडवतो म्हणाले, तर त्या चहा गाळता गाळता म्हणाल्या, "रडवायला कांदा बी पुरतो, बाई. हसवायला मानूस लागतो."

त्यांचे यजमान गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे हसणं थांबेल. दोनेक महिन्यांत त्यांनीच मला फोन केला, अमुक एक विनोदी चित्रपट लागलाय, येता का? मी गेले. बातमी गावात पोचली. पुढच्या गुरुवारी दीर आले. वर्षसुद्धा झालं नाही, लोक काय बोलतात ते कानावर येतं, निदान चारचौघांत तरी हसू नका, असं त्यांनी समजावून सांगितलं. आम्ही उठायला लागलो, तर वत्सलाताईंनी हातानेच बसवलं. मग दिरांना म्हणाल्या, "भावजी, तुमचा भाऊ माझा हसना आयकून लग्नाला हो बोलला व्हता. आता तो नाय, म्हनून त्याच्या आवडीची वस्तू मी फेकून देऊ?" दीर पाणीही न पिता गेले. त्या रात्री वत्सलाताई खूप रडल्या, असं स्नेहाने मला नंतर सांगितलं. चारचौघांत मात्र त्या हसल्याच.

मग फुप्फुसांचं दुखणं आलं. हसलं की खोकला, खोकला आला की दम कोंडायचा. डॉक्टरांनी जपून हसा म्हटलं. वत्सलाताईंनी ऑक्सिजनचं छोटं मशीन खांद्याला अडकवलं आणि मला मल्टिप्लेक्सला घेऊन गेल्या. दारावरच्या तरुण मॅनेजरने नम्रपणे अडवलं. मशीनचा फुसफुस आवाज येतो, बाकीच्या प्रेक्षकांना त्रास होईल, म्हणाला. त्या जागच्या हलल्या नाहीत. "आतला शिनेमा चांगला असंल त माझा मशीन कोनाला आयकू येनार नाय. आयकू आला, त समजायचा, शिनेमा बेकार हाय." आमच्यामागे रांगेत उभे असलेले लोक हसले, मॅनेजरही हसला, आणि आम्ही आत गेलो. पहिला सगळा भाग मशीन स्पष्ट ऐकू येत होतं. मध्यंतरानंतर मात्र एक म्हातारा नट चहाचा ट्रे घेऊन जिन्यावरून असा काही घसरला की सगळं थिएटर हशाने फुटलं. वत्सलाताई हसल्या आणि मग वाकल्या. खोकला थांबेना, ओठ निळसर दिसायला लागले. बाहेर नेण्यासाठी मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. "बसा," त्या कशाबशा म्हणाल्या, "अजून तो उठला नाय."

तो त्यांचा शेवटचा चित्रपट. आजारी बाईला नेलंच कशाला, असं मला अजून विचारतात. मी नेलं नव्हतं, त्यांनी मला नेलं होतं. आणि त्यांना बाहेर काढलं नाही, याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

शोकसभेनंतरच्या गुरुवारी नसीम आणि मी त्यांच्या घरी गेलो. स्नेहाजवळ थोडं बसायचं आणि निघायचं, असं ठरवून. आतल्या खोलीत दीर पेपर वाचत होते. लग्न होऊन आल्यापासून दर गुरुवारी स्नेहा चहा आणून ठेवायची आणि आत जायची. त्या दिवशी तिने स्वतःचाही कप आणला आणि खिडकीशी टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "एक बोलू? आईंना तो धोतरात पाय अडकून पडणारा जाडा नट एवढा आवडायचा... मला त्याच्यावर कधीच हसू आलं नाही. एकदाही नाही."

नसीमने कप खाली ठेवला. आतून दीर मोठ्याने खाकरले.

स्नेहाने आवाज खाली केला नाही. "कारण सांगते," म्हणाली, आणि खुर्ची ओढून आमच्या समोर बसली.