रिकामा फिरणारा पंखा

नवी पेठेतल्या फुटपाथवर एक पोरगा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. बसल्या जागी त्याचा गुडघा सारखा हलायचा. माझ्या सुनेचा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि तिच्या टायपिंगवरच आमचं घर चालतं, म्हणून तो मी त्याच्याकडे नेला. त्यानं आतला वीज देणारा डबा सुटा केला.

"आजी, डोक्याचा आकडा द्या की."

आकड्यावरचा काळा रंग त्यानं खरवडला, तो वाकवून डब्याच्या हिरव्या आणि काळ्या वायरीत खुपसला. नुसत्या डब्याचा पंखा फिरला.

"चालला की!" मी म्हटलं.

"रिकामं कुणीबी फिरतंय, आजी. वझं पडल्यावर कळंल."

डबा परत कॉम्प्युटरला जोडला तर पंखा बंद पडला. मग त्यानं दुसरा जुना डबा लावला. पडदा उजळेपर्यंत त्याचा गुडघा गप्प होता, उजळल्यावर पुन्हा हलू लागला.

वाकडा झालेला आकडा मी मागून घेतला.