आलंच की आता

जवळ ये गं बाई. समोर नसलीस तरी माझ्याशेजारी सोफ्यावर बसल्यासारखी वाच, आणि तो दुसरा फोन जरा पालथा घाल. मावशीचं गाव टोरंटोच्या एका टोकाला, तुझं दुसऱ्या, हे मान्य. पण परवा काय म्हणालीस? "मावशी, स्कारबरोहून मिल्टन फार लांब पडतं गं." लांब! थांब, तुला लांब म्हणजे काय ते सांगते.

यंदा हिवाळ्यात ड्राइव्ह-वेवरचं बर्फ शोव्हल करताना तुझ्या काकांच्या छातीत कळ आली आणि स्टेंट घालावा लागला, ते तुला ठाऊकच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं छान झालंय, आता भरपूर चाला. पण ह्यांचा स्वतःच्या छातीवरचा विश्वासच उडाला. बर्फ वितळलं, शेजाऱ्यांनी गवत कापायला काढलं, हे आपले रिक्लायनर खुर्चीत पाय पसरून. बेसमेंटमधून वर येताना मधल्या पायरीवर थांबून नाडी बघायची. जन्मभर पुलांची कामं केलेला माणूस! मला एकच धास्ती, हे असेच बसून राहिले तर उठायचेच नाहीत.

गावामागे ती खडकाळ टेकडी आहे ना, हायवेवरून दिसते ती. एका शनिवारी ग्रोसरीला म्हणून ह्यांना गाडीत घातलं आणि थेट तिच्या पायथ्याशी नेलं. डॉक्टरीणबाईंना आधी विचारून घेतलं होतं हो, तेवढी शहाणी आहे मी.

"इथे कुठली भाजी मिळते?"

"अहो, उतरा तर खरं."

उतरले, पण बडबडत. जरा चढलो की, "अजून किती आहे?"

"आलंच, त्या वाकड्या झाडापाशी."

झाड आलं. "आता?"

"आलंच की. त्या खडकामागे."

आपल्याकडे गड चढताना नाही का, खाली येणारा प्रत्येक माणूस हेच सांगतो. त्याला कुणी खोटं म्हणत नाही. पण आमचे हे इंजिनिअर. "तुझं आलंच म्हणजे किती मीटर, ते सांग."

तेवढ्यात कुत्रा घेऊन एक गोऱ्या बाई उतरत आल्या. माझ्यावर भरवसा नाही, म्हणून ह्यांनी त्यांनाच विचारलं. बाई बिचाऱ्या सरळ. घड्याळ बघून म्हणाल्या, "अर्ध्यावर आलात. खरा चढ पुढेच आहे."

झालं! हे दगडावर बसले आणि बोटं मनगटावर. "बघ. मी इथवरच."

मी थर्मास काढला, चहा ओतला, थालीपीठ पुढे केलं. पण मनात म्हटलं, आज इथून उतरलो तर हे पुन्हा कधी यायचे नाहीत.

चहा अर्धा झाला असेल, तर खालून एक तरुण जोडपं आलं, आपल्याकडलंच. त्याच्या पाठीवर बाळ बांधलेलं, आणि ती पोरगी लालबुंद. आम्हाला निवांत बसलेलं बघून तिला वाटलं, आम्ही वरून उतरतोय.

"अंकल, ऊपर और कितना है?"

ह्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. म्हणाले, "बस, आ ही गया बेटा. पाँच मिनट!"

मला चहाचा ठसकाच लागला. ती दोघं खूश होऊन वर गेली.

"अहो, तुम्ही कुठे बघितलंय वर?"

"मग काय सांगायचं? तोंड बघितलंस का पोरीचं?"

ह्यांनी चहा संपवला. मग कप उपडा करून झटकला आणि उठले. "चल."

"कुठे?"

"अगं, पाच मिनिटं सांगून बसलोय तिला. किती आहे ते बघायला नको?"

मग चढलो, थांबत थांबत. एका ठिकाणी तर दोन्ही हात टेकून, रांगत्या पोरासारखे. पण थांबले की ह्यांचा हात झाडावर असायचा, मनगटावर नाही. मी बघत होते ना.

माथ्यावर ती पोरगी बाळाला केळं भरवत बसली होती. "अंकल! पाँच मिनट?"

"इंडियन टाइम, बेटा!" असे हसले, की तसं हसणं कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

खाली हायवे, टोरंटोकडे निघालेल्या गाड्या, आणि नव्या घरांची छपरंच छपरं, सगळी एकसारखी. आपलं घर शोधत उभे राहिले, सापडेना. म्हणाले, "पुढच्या वेळी दुर्बीण आणू."

पुढच्या वेळी! मी तोंड मिटून ठेवलं. उगीच काही बोलले असते, तर स्वारी परत रिक्लायनरमध्ये.

आता दर शनिवारी बूट घालून हेच दाराशी उभे असतात. वाटेत जो दमलेला दिसेल त्याला सांगतात, आलंच, आलंच. दुर्बीणही आणली, तरी घर काही सापडलेलं नाही. तरुण डोळे हवेत म्हणतात.

तेव्हा लवकर ये गं, येत्या शनिवारीच ये. थालीपीठं लावते. हायवेवर ट्रॅफिकमध्ये कंटाळलीस तर फोन कर, काकांना देते. अजून किती आहे ते सांगतील तुला.