लांब धाग्याचा आवाज

सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी फाटकावर राखणीला असतो, माझा जोडीदार वजनकाट्यावर. त्या दिवशी आमी रोजच्यासारखा एक चहा दोघांत वाटून घेतला. मग त्यानं मागवलेल्या काडेपेटीएवढ्या दोन काळ्या डब्या टेबलावर मांडल्या. मोबाईल अन् हेडफोनच्या मधी लावली की आवाज मोकळा होतो म्हणे. कामावर गाणी ऐकायला त्याला एक ठेवायची होती, दुसरी परत धाडायची होती.

हा माणूस डोळे मिटून ऐकतो. ऐकताना हातात कापूस लागतोच, अन् दोन्ही अंगठ्यांनी त्याचा धागा ओढत बसतो. आवाज आवडला न्हाई की म्हणतो, "आखूड धाग्याचा हाय."

"मामा, तुमच्यापाशी हाय का काही लावायला?"

बायकोनं मोबाईलवर धाडलेलं एकच बोलणं माझ्यापाशी हाय. ती गेल्यापासून रोज कानाला लावतो, पण नुसत्या मोबाईलवर नीट ऐकू येत न्हाई. मी दिलं.

पहिल्या डबीत ती ठणठणीत बोलली, "जेवायला येता, का फाटकाशीच लगीन लावलंय?"

दुसरीत आवाज हळू होता. पण बोलायच्या आधी तिनं घेतलेला श्वास आला, बांगडी वाजली. खिडकीतल्या उन्हात कापसाची पिसं तरंगत होती. मी तेच पुन्हा दोनदा लावायला लावलं.

त्याची गाणी पहिलीत जोरात वाजायची. तरी परत धाडायला त्यानं पहिलीच खोक्यात भरली.

"हिचा धागा लांब हाय," दुसरीवर बोट ठेवून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलो, तर हा माझ्या स्टुलावर, हातात माझी काठी.

"आत बसा मामा, डबी लावून ठेवली हाय. गाड्या मी बघतो."