उशीचा प्रवेश

नाटकाच्या ग्रुपमध्ये प्रयोग विसरले जातात, किस्से राहतात. आमच्या सोलापूरच्या हौशी ग्रुपमधले चौघं चहाला भेटली की दहा-वीस सहज निघतात. त्या एका नाटकाचे मात्र कुणी आपणहून काढत नाही. आज मीच काढते.

नाटक जुनं, शोकांतिका. एक शूर सेनापती, त्याची देखणी बायको. जवळचाच एक माणूस सेनापतीचे कान भरतो आणि शेवटी सेनापती उशीनं बायकोचा जीव घेतो. सेनापती झाला शिवानंद. बायको झाली त्याची खरी बायको, सुवर्णा. मी तिची दासी. कान भरणारा खलनायक म्हणजे चादरीच्या दुकानातला नरसय्या. मुंगीलासुद्धा ‘सरक गं बाई’ म्हणणारा माणूस!

*

पहिला प्रयोग कुंभारीत. नरसय्या सेनापतीच्या कानाला लागला, तशी पुढच्या रांगेतली एक आजी उठून उभीच राहिली. "आरं ए शेनापती! त्येचं काय ऐकतूस? बायकूला इचार की!"

सगळे लोक हसले. शिवानंद वाक्य विसरला. आत आल्यावर सुवर्णा हसत म्हणाली, "बघा, आजीला कळतंय!"

"माझं हसं झालं, आणि तुला गंमत वाटतीय व्हय?"

*

ज्याच्यावरून सेनापतीला संशय येतो त्या तरुण सरदाराचं काम योगेश करायचा. एकदा तालमीच्या ब्रेकमध्ये नरसय्या गमतीत बोलून गेला, "शिवानंदराव, वहिनी आणि योगेश बराच वेळ हसत होते बरं का!"

शिवानंदनं कप खाली ठेवला. "बराच म्हणजे किती?"

आम्हाला वाटलं, गडी भूमिकेत शिरला. आमच्या दिग्दर्शक सरांनी तर टाळी वाजवली, "हाच टोन! प्रयोगात हाच टोन पाहिजे!"

*

नंतर त्यानं मला गाठलं. "योगेश काय सांगत होता तिला?"

"त्याच्या स्कूटीवर कुत्रं येऊन झोपतं, ते."

"कुत्र्यावर एवढं हसतं का कुणी?"

मग सुवर्णाला फोन केला की तोच उचलायला लागला. "काय काम होतं?"

नरसय्याचा चेहरा उतरला. मला म्हणाला, "ताई, मी एक अक्षर खोटं बोललो नाही. हसतच होते की ते. मी फक्त ‘बराच वेळ’ म्हणालो."

तो बिचारा शिवानंदला समजवायला गेला. तर शिवानंद काय म्हणाला? "आता सारवासारव करतोयस. कुणी पाठवलं तुला? तिनंच ना?"

*

वैरागचा प्रयोग. उशीच्या प्रवेशात एक खूण ठरलेली होती. दम कोंडला की सुवर्णानं त्याच्या मनगटावर थोपटायचं, त्यानं उशी सैल करायची. मी विंगेत उभी. तिनं थोपटलं. परत थोपटलं. मग तिचे पाय आपटायला लागले.

माझ्या एंट्रीला अजून अवकाश होता. मी दारावर धाडधाड मुठी मारल्या. "मालक, दार उघडा!" आणि कुणी उघडायची वाट न बघता आत घुसले. त्यानं उशी उचलली. टाळ्यांचा कडकडाट!

आत आल्यावर सुवर्णाच्या ओठातून रक्त येत होतं. तो म्हणाला, "भूमिकेत होतो मी."

ती म्हणाली, "मी नव्हते."

*

तिथूनच भावाला बोलावून ती त्याच्याबरोबर माहेरी गेली. अजून तिथंच आहे, कोर्टात केस चालू आहे. पण दुधनीचा प्रयोग आधीच ठरला होता. सर रद्द करायला निघाले, तर सुवर्णाचाच फोन. "करते मी. पण उशी काढा. पडदा उघडेल तेव्हा मी आधीच मेलेली असेन."

सरांनी ते मान्य केलं. प्रयोगाला ती भावाच्या जीपमधून आली, शिवानंदशी चकार शब्द बोलली नाही.

शेवटचा प्रवेश. पलंगावर ती, दिवा धरून मी, आणि तो गुडघ्यांवर. बायको निष्पाप होती हे कळल्यावर त्यानं पानभर विलाप करायचा होता. त्याला एक शब्द आठवेना. मग तो घरी बायकोशी बोलायचा त्या कानडीत हळूच म्हणाला, "सुवर्णा, तप्पातु. मनिगि बा." चूक झाली, घरी चल.

कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीत कानडी कुणाला कळत नाही? सगळा मंडप पुढं झुकला.

आणि मेलेल्या बायकोनं, डोळे मिटूनच, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "बरंगिल्ल." येणार नाही!