माकडहाडाच्या पुढे

"बस. सगळ्यांसमोर बस."

साजगावच्या कारखान्यात, पॅकिंगच्या लाईनवर, सुपरवायझरने स्टूल माझ्यासमोर आपटलं. मी बसले, एका बाजूला कलून. माकडहाडात सळई घुसावी तशी कळ आली. ताडकन उठले.

"बघा! महाराणीला गादी पाहिजे."

लाईन हसली. नोकरी सगळ्यांनाच हवी होती.

वर्षभर हेच चाललं होतं. बसलं की कळ. शौचाला त्रास. मांडीला मुंग्या. शिळफाट्यावर कंपनीने ठरवलेला डॉक्टर टेबलापलीकडूनच बोलायचा. "तुम्ही वाडीवरच्या बायका पाणी पीत नाही. मूळव्याध होणारच." मूळव्याधीच्या गोळ्या झाल्या. मग गॅसच्या. मग, "लग्न उरकून टाक, सगळं जागेवर येईल."

त्याने मला कधी हात लावून बघितलं नाही. एकदाही नाही.

त्या दिवशी स्टुलावरून उठले ती थेट त्याच्याकडे गेले. सुपरवायझर मागोमाग आला, दारात उभा राहिला. डॉक्टरने गोळ्यांची पट्टी सरकवली. मी ती परत सरकवली.

"तपासा."

"काय बोलतेस, कळतंय का तुला?"

"कळतंय. तुमाला नाय जमत तर बाई डॉक्टरकडं धाडा. चिठ्ठी द्या. तवर मी उठनार नाय."

आणि मी बसले. दात आवळून बसले. घाम डोळ्यांत उतरला. बाहेरचे पेशंट ओरडायला लागले, तेव्हा त्याने चिठ्ठी फेकली.

मुंबईच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर मॅडमनी पडदा ओढला. "आतून तपासावं लागेल. चालेल ना?" हातमोजा घातला. बोलता बोलता त्यांचं बोट एका जागी थांबलं. बोटाला गाठ लागली होती. मग एमआरआय. गाठ माकडहाडाच्या पुढे, गुदाशयाच्या मागे.

"अशी गाठ क्वचितच असते," त्या म्हणाल्या. "हळू वाढते. पण बोटाला लागते. आधी कुणी तपासलंच नाही?"

"वरीसभर नुसत्या गोळ्याच दिल्या," मी म्हणाले.

गाठीचा तुकडा तपासायला गेलाय. साधी की कॅन्सरची, कळायचंय. काढताना नस दुखावली तर लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. त्यांनी लपवलं नाही.

काल लाईनवरच्या एक काकी कानाशी आल्या. "माज्याबी ओटीपोटात गोळा लागतोय गं. त्यो कंपनीचा डॉक्टर गॅसच्या गोळ्या देतोय."

उद्या त्यांच्याबरोबर मी त्या डॉक्टरकडे आत जाणार. सुपरवायझरला बाहेर काढून दार लावणार. काकींना नीट तपासल्याशिवाय किंवा पुढे पाठवल्याशिवाय ते दार मी उघडणार नाही.